ही भाकर घेऊन आलती

ही गोष्ट आजवर माह्या तोंडातून निघाली नाही. गिरजाले, माह्या बायकोले, सांगायची होती — ती गेली. आता कागदावर उतरवून राह्यलो. चौथी शिकलेला माणूस आहे मी, अक्षर आन वाक्य दोन्ही वाकडे येतात. समजून घ्या.

आधी राग सांगतो. राग सांगणं सोपं असते.

गिरजाच्या जलदानाचा दिवस होता. आमच्या बौद्ध लोकायमधे माणूस गेल्यावर सारे जमतात, वंदना होते, दोन शब्द बोलतात — तो कार्यक्रम. विहारासमोर मांडव टाकला होता. एक उठला आन म्हणाला, "सोनाजीबुवानं बायकोसाठी कचेरीचे किती खेटे घातले! एका डोळ्याच्या बाईले जन्मभर फुलासारखं सांभाळलं." दुसरा उठला, त्यानंही तेच. मी खाली मान घालून बसलो. लोकायले वाटलं, म्हातारा दुःखात आहे. दुःख होतंच. पण मले त्या बोलणाऱ्याची गचांडी धरावी वाटत होती. फुलासारखं? तुले काय माहीत रे? तू तवा जन्मला तरी होता का?

चहा आला, चहा प्यालो.

दुष्काळाचं साल. तवा वाशिम जिल्हा नव्हता, सारं अकोल्यातच. आमच्याकडच्या मालेगावच्या रस्त्यावर सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. खायले परदेशातून आलेली लाल मिलो जवारी आन कामावर भेटणारी सुकडी. हजेरीपटावर नाव लागलं तो वाचला. माह्यं नाव लागलं — सोनाजी दौलत. गिरजाचं लागलं नाही, तिच्या आधीच नावं बंद झाले.

पंधरा-वीस दिवस मी फोडली खडी. मंग एका सकाळी कमरेत चमक भरली. खरीच भरली, ते खोटं नाही. उठता येईना. हजेरी घेणारा कारकून भला माणूस होता. म्हणाला, "नावापुढं माणूस पाह्यजे. बायकोले धाडा, मी काई म्हणत नाही."

गिरजा गेली. कारकून पुकारे, "सोनाजी दौलत!" आन ही म्हणे, "हजर."

बायाईनं हासून हासून पोटं धरले. आमच्या शेजारची शेवंता म्हणे, "अवं सोनाजी, पदर घे डोक्यावर, साहेब पाहून राह्यला!" मुकादमही म्हणे, "या सोनाजीले मिशा कवा फुटतीन?" गिरजा घरी येऊन हे सारं सांगे आन सोताच हासे. पण सांगतानाही माह्यं नाव तिनं घेतलं नाही. "त्यायनं पुकारलं, आन मी हजर म्हणलं," एवढंच.

हे नीट ध्यानात घ्या, याच्यावरच सारं आहे. आमी धर्म बदलला तवा घरातले देव विहिरीत टाकले. उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले. पण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे कोणी सोडलं नाही. ते विहिरीत टाकायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

कमरेचं सांगत होतो.

कंबर दोन दिवस धरली. तिसऱ्या दिवशी मोकळी झाली. ऐकलं का? तिसऱ्या दिवशी. आन मी खाटेवरून उठलो नाही. काहून? उन्हात दगड फोडायचा कंटाळा. दुसरं काई नाही. गिरजा भल्या पहाटे उठे, चुलीत वीट तापवे, फडक्यात गुंडाळून माही कंबर शेके. मी कण्हत पडे. मंग ती तीन मैल चालत कामावर जाये. ती गेली का मी उठून बिडी पेटवे.

नवव्या दिवशी मी रिसोडच्या बाजाराले गेलो. पायी. घ्यायचं काईच नव्हतं, चार ओळखीचे भेटले, हासलो-बोललो. त्याच दिवशी दगडाची कपची उडून गिरजाच्या डाव्या डोळ्यात बसली. मी घरी आलो तवा ती ओसरीत बसेल होती, डोळ्याले लुगड्याचं फडकं बांधून, आन फडक्यातून पाणी गळत होतं. मले पाहून पह्यलं काय म्हणाली? "तुमी कायले उठले? कंबर धरीन ना."

वाशिमच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळा गेला.

सरकारी कामावर हात-पाय, डोळा गेला तर मदत भेटते, असं शाळेच्या मास्तरनं सांगितलं. त्यायनंच अर्ज लिहून देला. मी देत नव्हतो, गिरजाच म्हणे, "द्या." महिना गेला, दोन गेले. मंग कागद आला — अर्जदाराचे नाव हजेरीपटावर आढळून येत नाही, सबब अर्ज नामंजूर.

मास्तरनं वाचून दाखवलं. मदत गेली याचं तिले वाईट वाटलंच. घरात होतं काय? पण ती दुसऱ्याच गोष्टीवर पेटली. "म्हंजे मी तिथं नव्हतीच? मंग हा डोळा कोठी सांडला? मास्तर, परत लिवा. मी काम केलं, एवढं त्यायच्या कागदावर आलं पाह्यजे."

अपील केलं. वाशिमले मोठा साहेब ऐकणार होता. शेवंता म्हणाली, "मी येतो साक्षीले. साऱ्या बाया येतीन." मी म्हणलं, "कायले लोकायचा दिवस मोडता? मी आहे ना."

मी आहे ना.

वऱ्हांड्यात कारकून भेटला. हजेरीपट बगलेत, तोंड उतरलेलं. मले बाजूले घेऊन म्हणाला, "सोनाजीभाऊ, नोकरी जाईन माही. आन साहेब तुमालेही विचारीन, तुमी कोठी होते? त्या दिवशी तुमाले रिसोडच्या बाजारात लोकायनं पाह्यलं. मंग काय सांगसान?"

चाळीस वर्षं मी मनाशी म्हणत आलो, का मी जेलाले भेलो. दुसऱ्याच्या नावावर हजेरी, बोगस काम, पोलीस केस. खोटं आहे ते. साहेब भला होता. तो भला होता याचा मले आजही राग येते. हरामखोर असता तर त्याच्यावर ढकललं असतं. त्यानं आधीच सांगितलं, "दुष्काळाचे दिवस आहेत, अशा हजेऱ्या लागतात. कोणावर कारवाई करायची नाही मला. फक्त खरं सांगा."

मंग गिरजाले विचारलं, "बाई, हजेरीला कोणाच्या नावानं हजर म्हणत होतीस?"

"यायच्या," तिनं हनुवटीनं मले दाखवलं.

"यांच्या म्हणजे? नाव सांग. मला लिहून घ्यावं लागतं."

तिचा पदर तोंडाशी. साहेब थांबला. लिहिणारा थांबला. तिच्या ओठावर ते नाव नव्हतंच कधी, निघणार कसं? मंग ती म्हणाली — लय भरोशानं म्हणाली — "ह्यायलेच इचारा ना साहेब. हेच सांगतीन."

साहेब माह्याकडे वळला. "तुझ्या नावावर ही कामाला होती का? घाबरू नको."

मी कारकुनाकडे पाह्यलं नाही. गिरजाकडे पाह्यलं. तिच्या हाताकडे. विटेनं कंबर शेकताना तिचं बोट भाजलं होतं, त्याचा डाग होता. हो म्हणलं असतं तर दुसरा सवाल आला असता — मंग तू कोठी होता? आन तिनं ऐकलं असतं. बाजार. बिडी. तिसऱ्या दिवशी मोकळी झालेली कंबर. जेलाले नाही भेलो मी. गावाले नाही. माह्या बायकोले कळीन, याले भेलो.

म्हणलं, "नाही साहेब. कामावर मी सोता होतो. ही भाकर घेऊन आलती."

साहेबानं तिले विचारलं, "बाई, खरं का हे?"

उरलेल्या एका डोळ्यानं तिनं मले पाह्यलं. लय वेळ नाही पाह्यलं. मंग म्हणाली, "ते म्हंतात तसंच."

अपील फेटाळलं.

एसटीत ती खिडकीशी बसली, मी बाजूले. गावात मी काय सांगितलं माहीत आहे? कारकुनानं खोटी साक्ष देली. साहेब त्याच्याच बाजूचा. शेवंतानं त्या कारकुनाले भर रस्त्यात शिव्या देल्या, बोटं मोडले त्याच्या नावानं. मी पाहत होतो. पुढं त्याची बदली झाली. जायच्या आधी मालेगावच्या स्टँडवर भेटला, माहा हात धरून म्हणाला, "वाचवलं तुमी मले." त्यानं चहा पाजला. तो चहाही मी प्यालो!

आन गिरजा? भांडली नाही. जेवण, लुगडी-धोतरं, सारं पह्यल्यासारखं. पण त्या दिवसापासून तिनं वावरात भाकर आणली नाही. एक दिवस नाही. सकाळी फडक्यात बांधून उंबरठ्यावर ठेवे आन म्हणे, "न्या." बाकी साऱ्या बाया दुपारी टोपलं डोक्यावर घेऊन वावरात येत. लोकं विचारत, तुमची काहून येत नाही? मी म्हणे, एका डोळ्यानं धुऱ्या-बांधावरून चालता येत नाही तिले. झूट. ती त्याच धुऱ्यावरून वावरातलं तण निंदाले जाये, सरपणाचा भारा आणे.

तिले बाजाराचं माहीत होतं का? रिसोडहून आलेल्या कोणी तिले सांगितलं असीन. का नसीन. मी कधी विचारलं नाही. विचारायले तोंड कोठी होतं?

विहारात दर पौर्णिमेले पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. साऱ्यायच्या आवाजात आवाज मिसळून जाते, कोणाले समजत नाही का सोनाजीचे नुसते ओठ हालतात. गिरजा बाजूलेच बसे. तिले समजत असीन.

गेल्या उन्हाळ्यात तिले ताप भरला, तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी ती कुठल्या कुठं जाये. मायले हाका मारे, बकरी बांधा म्हणे. एका दुपारी मी बाजूले बसून तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होतो. तिनं डोळा उघडला, पण पाहत मले नव्हती. आन कारकून पुकारे तशी, खणखणीत, ती बोलली —

"सोनाजी दौलत!"

पन्नास-पंचावन वर्षांच्या संसारात माह्यं नाव तिच्या तोंडून पह्यल्यांदा ऐकलं. मी 'ओ' देणार होतो. त्याच्या आधी तिनंच देली.

"हजर," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तर ते असं आहे. ती भाकर घेऊन आली नव्हती. ती खडी फोडत होती, माह्या नावावर, आन मी रिसोडच्या बाजारात बिडी ओढत होतो. कचेरीतला तो हजेरीपट कुठं धूळ खात असीन तर त्याच्यावर त्या दिवशी मीच हजर आहे.