बंब्याला टेकलेली गिरणी

चतुराबाईच्या गिरणीत दळण न्यायचं तर तोंड घरी ठेवून जावं, अशी गल्लीतली रीत होती. ज्वारीत खडा सापडला की ती डबा जिथल्या तिथे परत करायची. ‘जरा बारीक दळा’ म्हणणारीला विचारायची, “मागच्या खेपंला काय भरडा दिला व्हता का तुला?” घाई करणाऱ्याचा डबा हटकून रांगेत शेवटी जायचा. एवढं असूनही माणसं तिच्याकडेच यायची, कारण तिचं पीठ कधी जळकं लागत नसे. दर आठवड्याला ती स्वतः दगड उतरवून छिन्नीने त्यांच्या खाचा ताज्या करायची, टाकी लावायची. हे काम तिने कुणाला करू दिलं नाही आणि कुणी केलं असतं तर त्या माणसाला धड घरी जाऊ दिलं नसतं.

वय त्रेसष्ट, भुवयांवर कायम पीठ, नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. गिरणी हाच तिचा संसार आणि तिचा राग हीच तिची राखण.

गिरणीची खोली दहा बाय बाराची आणि तिची मागची भिंत म्हणजे नहरीचा बंबा. जुन्या काळी डोंगराकडचं पाणी खापराच्या नळांतून शहरात यायचं, त्या वाटेवर जागोजागी दगड-चुन्याचे असे उंच खांब बांधलेले होते. पाणी कधीच आटलं, बंबा राहिला. गिरणी काढताना सासऱ्याने एक भिंत वाचवली आणि मोटारीचा पाया थेट बंब्याच्या चौथऱ्यावर ठोकला. बंब्यापलीकडे मोकळा प्लॉट होता. वाटणीत गिरणी थोरल्याला मिळाली, प्लॉट धाकट्याला.

धाकटा म्हणजे रामकिसन. त्याचं दुखणं असं, की वाटणी होण्याआधी वीस वर्षं गिरणीत तोच राबला होता. मोटार त्याने बसवली होती, पट्टे त्याने बदलले होते, आणि मिळाला काय, तर बाभळी उगवलेला रिकामा प्लॉट. भाऊ गेला तेव्हा तेराव्याच्या पंगतीत त्याने विषय काढला, “वहिनी, गिरणी दोघाच्या नावाव करू. मी चालवतो, तुमी घरी बसा.” बोलणं वाईट नसेल, वेळ वाईट होती. चतुराबाईने त्याला भरल्या ताटावरून उठवलं. सगळ्या भाऊबंदांसमोर. त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. समोरासमोर आले तर चतुराबाई थुंकायची आणि रामकिसन चप्पल झटकायचा.

दोन वर्षांपूर्वी रामकिसनने ठरवलं, की प्लॉटवर तीन मजली इमारत बांधायची. खाली गाळे, वर भाडेकरू. त्यासाठी मधला बंबा पाडायचा, म्हणजे जागा सरळ होईल. आणि मोठ्या रस्त्यावरून गिरणीकडे येणारी बोळ त्याच्या प्लॉटमधून जात होती, ती बंद करायची. बोळ बंद म्हणजे गिरणी बंद. मागच्या बाजूने यायला अर्धी गल्ली वळसा, डोक्यावर डबा घेऊन कोण येतंय? चतुराबाई त्या बातमीने आठ दिवस नीट जेवली नाही. दळण मात्र जाडंभरडं होऊ दिलं नाही.

त्याच सुमाराला शहरातल्या जुन्या वास्तूंची यादी करायला वास्तुशास्त्राच्या कॉलेजातली मुलं फिरत होती. दरवाजे, हमामखाने, मशिदी, मंदिरं, नहरीचे बंबे, सगळं मोजून लिहून घेत होती. खानेसुमारीवाल्यालासुद्धा उंबऱ्याबाहेरून वाटेला लावणाऱ्या चतुराबाईने त्या दिवशी खुर्ची बाहेर काढली. संस्कृती नावाची मुलगी टेप घेऊन आली होती. तिला चहा दिला, बंब्याची इत्थंभूत माहिती दिली. त्यातली निम्मी खरी होती.

“यादीत आला तर काय व्हतं?” चतुराबाईने विचारलं.

“मग तो पाडता येत नाही, आजी. आजूबाजूच्या जागेवरही नियम लागतात. किती उंच बांधायचं, किती अंतर सोडायचं.”

“शेजाऱ्याच्या जागंव बी?”

“हो, ठरावीक अंतरापर्यंत.”

चतुराबाईने तिला आणखी एक कप चहा दिला.

प्रारूप यादी लागली, तिच्यात बंबा होता. हरकती आणि सूचनांसाठी महिन्याची मुदत होती. रामकिसनने वकिलाकडून हरकत लिहून घेतली: बंबा जीर्ण आहे, तडे गेलेत, कधीही पडेल, लोकांच्या जिवाला धोका आहे. चतुराबाईनेही सूचना दिली. अर्ज वहिदाच्या सुनेने लिहिला. वहिदा म्हणजे समोरच्या घरातली, चतुराबाईशी रोज भांडून रोज बोलणारी गल्लीतली एकमेव बाई.

सुनावणीला वारसा समितीचे चार जण टेबलामागे बसले होते. रामकिसनच्या वकिलाने तड्यांचे फोटो दाखवले. सगळे फोटो जवळून काढलेले, एकेक तडा नदीएवढा दिसत होता. अध्यक्ष मान हलवू लागले. चतुराबाईला वाटलं, गेलं. बंबा गेला, बोळ गेली, गिरणी गेली. ती उठून उभी राहिली.

“सायेब, तडा-बिडा काय नाय त्याला. चाळीस वरसं माझी गिरणी त्याच्या अंगाव चालती. मोटार त्याच्याच चौथऱ्याव बसवलीया. गिरणी चालू असताना या आन हात लावा, वरपासून खालपस्तोर थरथरतो बंबा. तरी एक खपली पडली नाय. पडणारा असता तर पहिल्या वरसातच पडला नसता का?”

खोलीत हशा पिकला. अध्यक्षही हसले. त्यांच्या शेजारची बाई मात्र खाली मान घालून लिहीत राहिली.

हसला नाही तो रामकिसन. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मोटारीचे बोल्ट त्याने स्वतः त्या दगडात ठोकले होते. ही बाई आत्ता काय बोलून बसली, ते त्या खोलीत त्याला सगळ्यात आधी कळलं. चतुराबाईला तेवढंच दिसलं, की दिराचं तोंड बंद झालं. त्या आनंदात तिने येताना पाव किलो पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. रामकिसनच्या दारासमोर ते जरा हळूहळू वाटले.

तीन महिन्यांनी पत्र आलं. वहिदाच्या सुनेने मोठ्याने वाचलं. बंबा यादीत कायम. प्लॉटवर तळमजल्याच्या वर बांधकाम नाही, बंब्यापासून ठरलेलं अंतर मोकळं सोडायचं, जुनी बोळ बंद करायची नाही. चतुराबाईने मांडीवर थाप मारली. सून थांबली नाही, पुढे वाचत गेली. अर्जदाराने सुनावणीत स्वतः सांगितल्याप्रमाणे वास्तूच्या चौथऱ्यावर बसवलेल्या यंत्रामुळे वास्तूला सतत हादरे बसतात. जागेवर पाहणी केली असता ते खरं आढळलं. सबब ते यंत्र साठ दिवसांत काढावं आणि वास्तूला लागून पुन्हा कोणतंही यंत्र बसवू नये.

“परत वाच,” चतुराबाई म्हणाली.

सुनेने परत वाचलं. अक्षरं तीच होती.

“अक्का, तुम जीते की हारे, मेरेकू कुछ समझताच नै,” वहिदा म्हणाली.

“तू गप बस,” चतुराबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

ती समितीच्या कार्यालयात चार वेळा गेली. तिथल्या लोकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नियम समजावून सांगितला. वाद घालायला कुणी दुष्ट माणूस भेटला असता तर तिला बरं वाटलं असतं. सगळे चांगले वागले आणि सगळ्यांनी तिचंच वाक्य तिला वाचून दाखवलं. खोली एवढीशी, मोटार सरकवायची तरी कुठे? दुसरीकडे गिरणी काढायची तर नवं मीटर, नवा परवाना, नवी माणसं, आणि तिचं वय त्रेसष्ट. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलेल्या माणसाला ओरडायचीही सोय नसते.

पन्नासाव्या दिवशी रामकिसन बोळीतून आला. अठरा वर्षांनी त्याने गिरणीच्या उंबऱ्याला पाय लावला. हातात नकाशा होता.

“वहिनी, प्लॉटच्या पार रस्त्याकडच्या कोपऱ्यात तळमजला बांधता येतो. मी इचारून आलो. तिथं गिरणी बसंल. बंब्याला धक्का नाय. फकस्त दोघांनी मिळून अर्ज करावा लागंल. मी सही केलीया.”

चतुराबाईने नकाशा पाहिला. कोपरा चांगला होता. रस्त्यालगत, खोली मोठी, दाराशी हातगाडी उभी राहील एवढी जागा. एकदा तिला वाटलं, देव असा कधी कुणाच्या हातून काय पाठवील सांगता येत नाही.

“जागा तुझी. मग गिरणी कुणाची?” तिने विचारलं.

रामकिसनने नकाशातल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “दोघाच्या नावाव. मी तवा बी त्येच म्हनलो व्हतो.”

“तुला तिथं बोलायचं व्हतं,” चतुराबाई म्हणाली. “सुनावणीत. तुला समजलं व्हतं. तोंड उघडून मिटलंस, मी बघितलं. म्या लई उशिरा वळखलं त्ये.”

“व्हय. समजलं व्हतं.”

“मग का नाय बोललास?”

“तुमी बोलू देता व्हय कुणाला?”

तिने नकाशा चार घड्या करून त्याच्या हातात दिला. “तुझी सही तुझ्यापाशी ठेव. माझी मिळायची नाय.”

वहिदाने दोन दिवस समजावलं. “दस्तखत कर डालो अक्का. देवर हैच ना, गैर थोडी है.” चतुराबाई म्हणाली, परका असता तर सही कधीच केली असती. हे तिने खरं सांगितलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं गल्ली म्हणाली, आणि या वेळी गल्लीला कुणी उलट बोललं नाही. साठाव्या दिवशी शेंद्र्याकडचा भंगारवाला मोटार घेऊन गेला. चतुराबाई बोल्ट काढताना समोर उभी राहिली आणि दगडाला ओरखडा गेला म्हणून त्यालाच झापलं.

महिनाभर घरात साठवलेलं पीठ पुरलं. मग एका सकाळी तिने ज्वारी पाखडली, डबा भरला आणि रिक्षाने हर्सूलच्या रस्त्यावरच्या गिरणीत गेली. गल्लीतल्या कुणाच्या नजरेस पडायला नको म्हणून मुद्दाम एवढ्या लांब. रांग लांब होती. दगडाचा आवाज ऐकूनच तिला कळलं, की याला महिनाभर टाकी लागलेली नाही, पीठ जळतंय. ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्यापुढचा माणूस डबा सरकवायला वळला. तो रामकिसन होता.

इथे थुंकता येत नव्हतं, खाली लोकांचे डबे होते.

“तू इथं?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“अठरा वरसं इथंच येतो,” रामकिसन म्हणाला. “सायकलव यायचो आदी.”

चतुराबाईने त्याच्या डब्याकडे पाहिलं. दर आठवड्याला एवढ्या लांब, पाठीमागे डबा बांधून. गिरणी त्याच्याच गल्लीत असताना, तिच्या मोटारीचा आवाज त्याच्या घरात ऐकू येत असताना. या आठवड्यांची बेरीज तिला करायची नव्हती, पण ती होत गेली आणि तिला त्याचाही राग आला.

गिरणीवाला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन रांगेतून येत होता. तिच्यापाशी आला, पेन्सिल तोंडात ओली केली. “मावशी, नाव सांगा. डब्यावर चिकटवतो.”

तिला नाव सांगता येईना. तीस वर्षं तिने लोकांची नावं डब्यांवर चिकटवली होती.

शेवटी रामकिसनच म्हणाला, “लिव्ह. चतुराबाई गिरणीवाल्या.”

“गिरणीवाल्या नको,” ती म्हणाली. “नुसतं चतुराबाई लिव्ह.”