जव कुटं भरडला

नवरात्र तीन दिसांवर आलं व्हतं आन् आमच्या नेरे गावातल्या बाया वरईचं, राजगिऱ्याचं डबं घेऊन शेजारच्या मारुंजीच्या गिरणीला निघाल्या व्हत्या. गावात गिरणी असताना! अनसूयाआक्काच्या दारावरनं, मान खाली घालून, डबा पदराआड धरून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का, तर म्हणं आक्काची गिरणी इटाळली. कशानं? तर जवाच्या दाण्यानं! काय म्हणावं आता ह्या लोकांना?

अनसूयाआक्का कोण ते आधी सांगते, न्हाईतर तुमाला माझा राग कळायचा न्हाई. तिचा नवरा गेणबादादा, त्यानं सव्वीस वरसांमागं रस्त्याकडंला ही गिरणी टाकली. गेणबादादा गेला तवा भावकीतली शहाणी म्हणाली, बाईमाणसाला गिरणी झेपायची न्हाई, इकून टाक. आक्का म्हणाली, "का? मोटर काय गडीमाणूस बघून फिरती का?" त्याला आता बारा वरसं झाली. दगड झिजला की छिन्नी-हातोडी घेऊन स्वतः टाकी लावती. पट्टा तुटला तर स्वतः चढवती. धान्य डब्यातनं ओतताना नुसत्या आवाजावर सांगती, "ज्वारी ओली हाय गं, वाळवून आण." तोंडाची फटकळ, पण हाताची सच्ची. बाजरीवर गहू आला तर आधी स्वतःची मूठभर ज्वारी घालून दगड मोकळा करती. एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात गेल्यालं कुणी दाखवावं.

आन् उपवासाचं दळण म्हंजी तिचा जीव की प्राण. नवरात्राच्या आधी तीन दिस तिच्या गिरणीत दुसरा दाणा पडत न्हाई. पहाटं डोक्यावरनं पाणी घेती, दगड उघडून झाडती-पुसती, आधी आपल्या पदरची दोन मुठी वरई काढती. ते पीठ कोंबड्यांना. मगच बायांचं दळण. वरसभर कुणी कुटंबी दळू दे, आता सोसायट्यांत घरोघरी बारक्या गिरण्या आल्यात. पण त्या तीन दिसांत आख्खं गाव तिच्या दारात. माझ्या सासूनं नऊ दिस पाण्यावर काढलं, पण दहाव्या दिशी उपास सोडला तो आक्काच्या हातच्या पिठावर. असा त्या गिरणीचा शब्द.

आता त्या जवाचं सांगते. मी गावाशेजारच्या सोसायटीत दोन घरचा स्वैपाक करते. त्यातलं एक अमोघचं. तिशीतला पोरगा, एकटा ऱ्हातो, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम. गुणी हाय, ताटात टाकत न्हाई. त्याला नाद एकच, घरी बिअर करायची. बाल्कनीत बादली, त्याला नळी, नळीतनं बुडबुडं. जव आधी भिजवून, मोड आणून, भाजल्याला असतो तो पोत्यानं मागवायचा. चावून बघितला मी, गोडसर लागतो. तर ह्यानं पयल्यांदा तो जव माझ्या मिक्सरात फिरवला. माझ्या! चटणीच्या भांड्यात! सगळं पीठ झालं. गरम पाण्यात टाकलं तर पातेलंभर खळ. त्या पातेल्याला खाली तोटी हाय, ती गच्च, थेंब गळंना. दोन दिस ते पातेलं मीच घासत बसले.

मग लागला यंत्र शोधायला. दोन महिनं! लॅपटॉपवर ही चक्की बघ, ती चक्की बघ. एकीला पाती, एकीला दातेरी चकत्या, एकीला दोन लाटा, म्हंजी गोल रूळ. "मावशी, ही कशी वाटते? हिचे रिव्ह्यू चांगले आहेत." लेकाचा मला इचारतोय! मी म्हणलं, "अरे बाबा, पोरगी बघताना माणूस एवढा घोळ घालत न्हाई. चल, तुला आमच्या आक्काकडं नेते. तिला धान्य कळतंय."

मीच नेलं. हे ध्यानात ठेवा.

आक्कानं जवाचा दाणा घेतला, नखानं फोडला, तोंडात टाकला. "कशाला पायजे?"

"बिअर करतो काकू. घरच्यापुरती."

"पिऊन भांडतोस का?"

"नाही हो!"

"मग ठीक हाय. पण गिरणीत हे हुयाचं न्हाई. गिरणी पीठ करती. तुला पीठ नको, भरड पायजे. टरफल सलग ऱ्हायलं पायजे आन् आतला दाणा दोन-चार तुकडं. मग टरफलाचीच गाळणी हुती, पाणी खाली उतरतं. मिक्सरात टरफलाचा भुगा केलास, म्हणून तुझी खळ झाली."

अमोघ आ वासून बघत ऱ्हायला. म्हणाला, हेच त्यानं कुठल्या तरी परदेशी माणसाच्या व्हिडिओत चाळीस मिनिटं ऐकलं व्हतं. आक्का म्हणाली, "चाळीस मिनिटं? डाळ भरडताना आमी हेच करतो की."

आन् उठली. गिरणीमागं तिचं घर हाय, पडवीत जातं हाय. तिनं जवाला नुसता पाण्याचा हात लावला, घटकाभर झाकून ठेवला, म्हंजी टरफल चिवट हुतं, फुटत न्हाई. जात्याच्या मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळली, वरचा दगड तेवढा उचलला गेला. मग आमी दोघी समोरासमोर बसलो. पाच किलो जव भरडला. अमोघनं मूठ उघडून बघितली तर टरफलं आख्खी, आत पांढरं तुकडं. नाचायचा बाकी व्हता.

मग त्यानं मोबाईलवर यंत्रांचं फोटू दाखवलं. आक्कानं चष्मा लावून एकेक बघितलं. "हे पात्याचं नको, हे चटणीचं. ह्या चकत्या मक्याला बऱ्या, तुझं टरफल फाडतील. हे दोन लाटांचं घे, उसाच्या चरकावानी. दाणा दाबायचा आन् सोडून द्यायचा. पण दोन लाटांतली फट कमीजास्त करायला स्क्रू हाय का बघ. नसला तर फुकट दिलं तरी घेऊ नको. दरसालचा दाणा काय एका मापाचा येतोय का?" दोन महिनं जे ठरंना ते चहाचा कप संपायच्या आत ठरलं. महिन्याभरात यंत्र आलं, आजबी चालतंय.

झालं एवढंच. आता माझं कौतुक बघा. मला ते पोटात ठेववलं न्हाई. बचत गटात सांगितलं, नळावर सांगितलं, "आमच्या आक्कानं कॉम्प्युटरवाल्याला जव भरडून दिला, बिअर असली झाली म्हणतोय!" मला वाटलं, आक्काचं नाव हुईल. पण गिरणीवालीनं भरडलं म्हणलं की लोकांनी गिरणीतच भरडलं धरलं. जातं कुणाच्या डोस्क्यात आलंच न्हाई. आता जातं वापरतंय कोण?

ती गोष्ट शेखरच्या कानावर गेली. शेखर म्हंजी नवरात्र मंडळाचा अध्यक्ष. दहा टँकर हायेत त्याचे, सोसायट्यांना पाणी पुरवतो. माझा हृतिक त्याच्याच टँकरवर हाय. पितरांच्या पंधरवड्यात शेखरनं देवळापुढच्या मंडपात संध्याकाळी गाव बोलावलं. म्हणाला, "ज्या गिरणीत दारूचं धान्य दळलं, त्या गिरणीचं पीठ देवीच्या उपवासाला चालणार न्हाई."

कोण म्हणतंय बघा! ज्याची गाडी रोज दिवेलागणीला बारपुढं उभी! ज्याच्या मंडळाची पोरं विसर्जनाला सरळ चालत न्हाईत! दारू पिल्याली चालती, दाणा फोडल्याला चालत न्हाई. आन् जव म्हंजी काय इलायतेतनं आलाय? आपला सातूच की. घटाच्या परडीत पेरतात तो कोण? पण हे सगळं मी मनात म्हणत व्हते. मनात माझी लई चालती.

आक्का उभी ऱ्हायली. पदर खोचला न्हाई, आवाज चढवला न्हाई. "माझ्या गिरणीत जवाचा दाणा गेला न्हाई. घरच्या जात्यावर भरडला. सुंदरा संगं व्हती, तिला इचारा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेखरबी बघायला लागला. लई गोड हसला आन् म्हणाला, "सांगा की सुंदराकाकू. हृतिकची आई खोटं कशाला बोलंल?"

तेवढंच बोलला. पण मला कळायचं ते कळलं. हृतिकचं लगीन ठरल्यालं, पोरीकडच्यांनी नोकरी बघूनच होकार दिल्याला. मी म्हणाले, "मी बाहेर उभी व्हते. मला काय ठाऊक न्हाई."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. वळखीचा दाणा किडका निघाला की बघती तसं. मग चप्पल घातली आन् गेली.

म्हणून सांगते, त्या बाया मारुंजीला निघाल्या तवा माझ्या मस्तकात आग गेली ती काय त्यांच्यावर न्हाई गेली. त्या बिचाऱ्या ऐकून वागत व्हत्या. मी बघून खोटं बोलले व्हते. लाज वाटायला पायजे मला! ज्या बाईसमोर बसून जात्याचा खुंटा धरला, तिला चारचौघांत खोटी पाडली.

दोन दिस गिरणी गप व्हती. आक्का दगड धुऊन-पुसून, आंघोळ करून, दार उघडं ठेवून बसल्याली. कोंबड्यांना वरईचं पीठ घातल्यालं. माणूस एक न्हाई. तिसऱ्या दिशी, अमावस्येला, मी गेले. पायाला हात लावायला वाकले तर तिनं पाय मागं घेतलं.

"आक्का, चुकले मी. माझं पोर..."

"म्हाईत हाय मला. पोर सगळ्यांनाच हाय." तिनं सुपातलं धान्य पाखडायचं थांबवलं न्हाई. "पण हितं कशाला सांगतीस? जव कुटं भरडला ते मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांग."

त्याच संध्याकाळी देवीची मूर्ती आणली. मंडपात गाव जमल्यालं, शेखर माईकवर देणगीदारांची नावं वाचत व्हता. मी सरळ वर चढले आन् माईक हातातनं घेतला. म्हणलं, "ऐका. त्या दिशी मी ह्याच जागी खोटं बोलले. मी बाहेर न्हाई, आत व्हते. जात्याला माझा हात व्हता. गिरणीत जवाचा दाणा गेला न्हाई. आन् गेला असता तरी काय पाप व्हतं..." तेवढ्यात माईक बंद. शेखरनं खूण केली असणार. पण मी डोंगरात मेंढरं राखून वाढल्याली हाय, मला माईक कशाला लागतोय? मी तशीच वरडले, "हा माझ्या पोराची नोकरी घालवंल ह्या धाकानं मी खोटं बोलले! जिला इटाळ बघायचा असंल तिनं मला बघावं, आक्काच्या दारात जावं दळायला!"

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. एक म्हातारी "खरं हाय" म्हणाली, तेवढंच. घरी आले तर हृतिक भिताडाला टेकून बसल्याला. टँकरची चावी शेखरनं मागून घेतली व्हती. "आई, तुला हीच येळ मिळाली का?" म्हणाला आन् न जेवता झोपला. अजून माझ्याशी धड बोलत न्हाई. त्याचंबी खरं हाय, पर काय करू?

घटस्थापनेच्या सकाळी डबा घेऊन गिरणीवर गेले. रांगेत अकरा बाया. दरसाल शंभर असतात. बाकीच्यांचं दळण मारुंजीवरनं कवाच आलं व्हतं, त्यांनी परत कशाला यावं? मोटर चालू व्हती, आक्काच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या व्हत्या. मी डबा पुढं सरकवला तर तिनं बाजूला ठेवला.

"तुझं शेवटाला."

मी उभी ऱ्हायले. माझ्यामागनं आल्यालींचंबी झालं, त्या गेल्या. मग तिनं माझा डबा उघडला, वरई हातावर घेऊन बघितली, निवडल्याली व्हती म्हणून काय बोलली न्हाई. दळलं, डबा भरला, वरनं झाकण दाबलं.

"चार दिस आधी बोलली असतीस," ती म्हणाली, "तर आज मला बसायला येळ मिळाला नसता."

"व्हय आक्का," मी म्हणाले. तिनं मोटर बंद केली आन् दगडावरचं पीठ झाडायला घेतलं.