खडूने मोजलेली चाके

गाडी गॅरेजात सोडून घरी जाणाऱ्याला फक्त दुरुस्त झालेली गाडी मिळते. तिथेच खुर्ची टाकून बसणाऱ्याला किस्सेही मिळतात. मी बसते. आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे दुसऱ्याचे काम तपासत बसण्याची सवय सुटत नाही! देवळीतल्या या गॅरेजचा मालक प्रशांत हा माझा विद्यार्थी. शाळेत त्याचे उत्तर नेहमी बरोबर असे आणि पायऱ्या नेहमी गाळलेल्या असत. पायऱ्या नाहीत, तर बरोबरची खूण नाही, हा माझा नियम होता.

या खेपेस मात्र किस्सा माझ्याच गाडीचा होता. चारही चाकांना ताकद मिळणारी ही गाडी स्वतः चालवत मी दर आठवड्याला अल्लीपूरच्या शेतावर जाते. अलीकडे वळणावर ती, कुणी मागून पदर धरावा तशी, अडखळू लागली. नागपूरच्या एका वर्कशॉपने निदान केले : "ट्रान्सफर केस गेली. अख्खी बदला." म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी पेटी. हे कळवताच पुण्याहून मुलाचा फोन आला.

"आई, रविवारी येतो. गाडी विकून टाकू. आणि तुझं ड्रायव्हिंगही आता पुरे!"

पेटी गेली असती, तर माझे शेतही गेल्यातच जमा होते. मी गाडी प्रशांतकडे नेली. तो म्हणाला, "बाई, शनिवारपर्यंत थांबा. तुमच्या आंधी चार गाड्या हायेत."

माझ्यासाठी त्याने रांग मोडली नाही. मला ते आवडले.

*

पहिले अल्लीपूरचे एक शेतकरी काका. त्यांच्या जीपचे स्टिअरिंग दगडासारखे जड झाले होते आणि वळताना खालून कटकट आवाज येत होता. प्रशांतने आत डोकावून पाहिले. चिखलात वापरायचे फोर-व्हील-ड्राइव्हचे बटण काकांनी डांबरी रस्त्यावरही चालूच ठेवले होते!

"काका, हे बंद काऊन नाई केलं?"

काका तावातावाने म्हणाले, "बंद कायले करू? घरी चार बैल असले, तं दोघाले बसवून ठेवू काय?"

प्रशांतने बटण फिरवून दोन चाकांची ताकद बंद केली. काका गॅरेजसमोर एक वळसा घालून आले आणि खिडकीतून ओरडले, "बसवले रे बाप्पा दोघाले!"

*

दुसरे सावंगीचे एक तरुण डॉक्टर. गाडी गुणगुणते, म्हणून इंटरनेटवरून काढलेल्या छापील कागदांची फाइलच घेऊन आले होते. पेटीतली साखळी सैल, बेअरिंग खराब, अशी सात निदाने!

प्रशांतने सगळी शांतपणे ऐकली आणि विचारले, "सर, पेशंट असे कागद घेऊन आला, तं तुमी काय करता?"

डॉक्टरांनी फाइल मिटली. प्रशांतने पेटीतले तेल बोटांवर घेतले, चोळले, हुंगले. कुणीतरी भलतेच तेल भरले होते. पेटी धुऊन योग्य तेल घातल्यावर गुणगुण थांबली.

जाताना डॉक्टर म्हणाले, "आवाज परत आला तर?"

"तं या. पण फाइल घरी ठेवून येजा."

*

तिसरे कापडाचे व्यापारी. "पेटी गळून राह्यली! आजच खोल!" असा त्यांचा हुकूम होता. प्रशांतने गाडीखाली वर्तमानपत्र पसरले, इंजिन आणि एसी सुरू ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

"अरे, तू बसून काऊन राह्यला?"

"शेठजी, मी काम करून राह्यलो."

थोड्या वेळाने कागदावर डाग पडला. प्रशांतने कागद उन्हात धरला. डाग वाळला, तेलाचा अंशही उरला नाही.

"शेठजी, एसीचं पाणी हाय. पेटी खोलू काय?"

*

चौथ्या गाडीची पेटी मात्र खरोखरच खोलावी लागली. काम संपले, गाडी उत्तम चालली आणि फरशीवर एक नट उरला. गाडीचे मालक म्हणाले, "चालते ना? मंग जाऊ दे!"

"चालते, पण मले चालत नाई," असे म्हणून प्रशांतने पेटी पुन्हा उतरवली आणि प्रत्येक नट मोजला. पेटीतला एकही कमी नव्हता. एवढ्यात मालक ज्या स्टुलावर बसले होते, त्याचा एक पाय निखळला!

*

शनिवारी माझा क्रमांक आला. प्रशांतने पेटीला हातसुद्धा लावला नाही. त्याने एवढेच विचारले, "बाई, टायर कवा बदलले?"

"पुढचे दोन, उन्हाळ्यात. मागचे चांगले होते. वापरता येण्याजोगी वस्तू मी टाकत नाही."

त्याने खिशातून खडू काढला. टायरवर एक खूण केली, तिच्या खाली फरशीवर दुसरी. गाडी ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा होऊ दिला आणि अंतर मोजले. आधी पुढचे चाक, मग मागचे. तीन-तीनदा मोजून दोन्ही मापे त्याने भिंतीवर लिहिली. झिजलेले मागचे चाक एका फेऱ्यात कमी अंतर जात होते.

"दोघाले एकाच पेटीनं बांधलं, अन् दोघं सारखं चालत नाईत. मंग पेटी काय करन, बाई?"

उत्तर भिंतीवर होते, पायऱ्यांसह.

संध्याकाळपर्यंत मागचे दोन बदलून चारही टायर एकसारखे झाले आणि पेटीतले तेल बदलले गेले.

रविवारी मुलगा आला. त्याने बाजाराच्या मैदानात गाडी डावीकडे, उजवीकडे, अगदी लहान वर्तुळांत फिरवली. एकही हिसका नाही! गॅरेजात परतताच त्याने विचारले, "प्रशांतभाऊ, चूक कुणाची होती?"

प्रशांतने माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीपाशी जाऊन त्याने बाहीने मापे पुसून टाकली. "गाडी म्हटली की होते कायतरी, दादा."

मी त्याच्याजवळून खडू मागून घेतला. दोन्ही मापे मला पाठ होती. ती जिथल्या तिथे पुन्हा लिहिली आणि खाली ठळक अक्षरांत ओळ लिहिली : 'पुढचे दोनच टायर मी बदलले.'

प्रशांतने माझ्या हातातून खडू घेतला आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

मुलाने भिंत पुन्हा एकदा वाचली. मग किल्ली बॉनेटवर ठेवली, गाडीला वळसा घातला आणि डावीकडचे, चालकाशेजारचे दार उघडून आत बसला.