कानाने शिजवलेली अळंबी

कागदाच्या कारखान्याच्या गेस्टहाऊसमध्ये त्यांनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला, आणि एवढ्या वर्षांत एकदाही शेगडीपाशी उभं राहून पदार्थाची चव घेतली नाही. ज्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली ते तयार झाले, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जिभेचं काय सांगतोस, भूक लागली की ती कशालाही चांगलं म्हणते. नाकाला विचार." तेव्हापासून ते नाकालाच विचारत आले. झाकण उचलायचं, वाफ एकदा आत घ्यायची, की काय कमी आहे ते कळलं. मीठसुद्धा. मिठाला कुठे वास असतो, असं कोणी म्हणालं तर ते म्हणत, "तुमच्या नाकाला येत नसेल." सगळे त्यांना बुवा म्हणत. नाव होतं, पण ते पगाराच्या कागदावरच राहिलं.

कारखान्यात यंत्रं बसवायला देशोदेशीचे इंजिनियर यायचे आणि चार-चार, सहा-सहा महिने राहायचे. तिसऱ्या आठवड्यात एखाद्याच्या ताटात अर्धं तसंच परत येऊ लागलं की बुवा ओळखत, याला घर आठवतंय. मग भाषेचं अडो न अडो, ते त्याला आत बोलावून त्याच्या हातात चमचा देत. गंमत अशी की माणूस कुठलाही असो, त्याच्या घरी अळंबी शिजत असेच. हंगेरियन फिटर होता, त्याने कांदा, गोडसर लाल मिरचीची पूड आणि आंबट साय घालून करायला शिकवलं. एका इटालियन माणसाने अळंबीचा भात शिकवला. पळी पळी गरम पाणी घालत तो अर्धा तास ढवळायचा. भातच तसा, तान्ह्या मुलासारखा, पाठ फिरवली की बिघडणारा. एका अबोल जपान्याने वाळलेली अळंबी रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी नुसत्या त्या पाण्याचं सूप केलं. बुवांनी वाफ घेतली आणि त्याला हात जोडले. तोही वाकला.

ही सगळी विद्या सुट्टीच्या रविवारी घरी यायची. बायको म्हणायची, "जग फिरून झालं असेल तर भांडी घासायला बसा." पण खायची चवीने.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तोवर बुवा निवृत्त झाले होते. घरात मुलगा आणि सून. मुलगा दवाखान्यात एक्स-रे काढायचा, सून शाळेत शिकवायची. बायको गेली त्याच्या पंधराव्या दिवशी बुवा स्वयंपाकघरात शिरले ते शिरलेच. सुनेनेही ओटा त्यांच्यावर सोडला. रोजचं साधं जेवण आणि रविवारी अळंबी, असा नेम पडला.

मग गेल्या थंडीत त्यांना आठ दिवस ताप आला. ताप उतरला, पण तोंड धुताना साबणाला वासच येईना. बुवांना वाटलं, कंपनीने फसवलं. दुसरा साबण आणला. तोही तसाच. तेव्हा त्यांनी लसणाची पाकळी ठेचून नाकाला लावली, आणि मोरीच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिले.

कोणाला सांगितलं नाही. शिंप्याचे डोळे गेले तर तो सांगत फिरतो का? आज येईल, उद्या येईल, म्हणत राहिले. हाताला सवय होती, चमचे मोजून पडत होते. ताटं रिकामी परत येत होती. म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सुनेला दिवस गेले. तिला सगळ्याचाच वास यायला लागला. जिन्यातल्या रंगाचा, शेजाऱ्यांच्या चपलांचा, धुतलेल्या ग्लासाचासुद्धा. बुवांना हसू येई. एकाच घरात एकाचं नाक असं आणि एकाचं तसं.

त्या रविवारी त्यांनी हंगेरियन पद्धतीची अळंबी करायला घेतली. पिशवी शनिवारी आणलेली, गाठ मारून रात्रभर ओट्यावर राहिलेली. अळंबी ते धूत नसत, ओल्या फडक्याने एकेक पुसत. पुसताना बोटांना जरा चिकट लागली. त्यांनी पिशवी नाकाशी नेली, मान हलवली आणि मनात म्हणाले, वास नाही, चांगली आहे.

एकतीस वर्षांची सवय ती. खराब मालाला वास येतो, वास नाही म्हणजे माल चांगला. आता वास कशालाच नाही, हे त्या घटकेला त्यांना आठवलंच नाही.

सुनेने घास उचलला आणि तोंडापाशी थांबली. ताटली हळूच पुढे सरकवली.

"काय झालं?" मुलाने विचारलं.

"नको वाटतंय."

"अगं, थोडं तरी खा."

"बाबा," ती बुवांकडे न बघता म्हणाली, "ही अळंबी खराब झालीये."

बुवांची कानशिलं तापली. "सूनबाई, माझ्या हातातून खराब माल ताटात गेलेला नाही. आजवर नाही."

"माहितीये. पण आज गेलाय."

"तुला हल्ली ग्लासाचाही वास येतो."

"येतो. हाही येतोय."

"मग बघच," बुवा म्हणाले आणि त्यांनी तिची ताटली पुढ्यात ओढून संपवली. मग आपली. मुलगा आपली ताटली उचलून आत निघाला, तर त्यांनी "ठेव ती" म्हणून तीही घेतली. कोणी अडवलं नाही. वडिलांना जेवताना अडवायचं कसं, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळपासून दोन दिवस बुवा आडवे होते. सलाईन लागली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने सहज विचारलं, "आजोबा, वास आला नाही का तुम्हाला?" बुवा छताकडे बघत राहिले. मुलगा उशाशी उभा होता. तो म्हणाला, "बाबा?"

"थंडीपासून नाही," बुवा म्हणाले.

तपासण्या झाल्या. ताप येऊन नाक असं जातं, कधी परत येतं, कधी येत नाही, एवढंच कळलं. घरी आल्यावर मुलाने आवाज न चढवता सांगितलं, "उद्यापासून शेगडी पेटवायची नाही. गॅस सुटला तर तुम्हाला कळणार नाही. तुम्ही दिवसभर एकटे असता."

"मग मी करू काय?"

"आराम करा."

"आराम मी मेल्यावर करणार आहेच."

 दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना मुलगा सिलिंडरचं रेग्युलेटर काढून कपाटात ठेवू लागला. बुवा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहू लागले. वर्तमानपत्र उघडं असे आणि पान उलटत नसे. दहा-बारा दिवसांत त्यांचा सदरा खांद्यावरून उतरू लागला. सून सकाळी घाईने काहीतरी करून ठेवी. ते थोडं खात, थोडं झाकून ठेवत.

एकदा तीच समोर येऊन बसली. "बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागवायला अंगात काही राहिलेलं नाही."

"थंडीपासून आम्ही काय काय खाल्लंय, माहितीये? करपलेली आमटी. नासलेल्या दुधाची खीर. ती तर आम्ही दोनदा मागून घेतली."

"आणि बोलला नाहीत?"

"हे म्हणाले, आई गेल्यापासून त्यांना तेवढंच आहे, बोलू नकोस. मी गप्प बसले. तुम्ही लपवलंत, आम्हीही लपवलं. एकमेकांना जपता जपता विष खायची वेळ आली."

बुवांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "म्हणजे ताटं रिकामी यायची, ती..."

"यायची ना. जिद्दीने."

ते हसले, हसता हसता चेहरा वेगळाच झाला. ती उठून पाणी आणायला गेली आणि जरा उशिरा आली.

त्या रविवारी अळंबी तिने आणली. स्वतः वास घेऊन, एकेक निवडून. "मला फक्त इटालियन भात खावासा वाटतोय," ती म्हणाली, "आणि तो मला येत नाही. या आत, सांगा."

बुवा दारातल्या स्टुलावर बसले. कांदा कसा, तांदूळ किती, ते सांगत गेले. अळंबीचे काप कोरड्या कढईत पडले.

"तेल?"

"आत्ता नाही. आधी तिला पाणी सोडू दे."

कढईत चिवचिव झाली, मग बुडबुडे, मग रटरट. सून डावाने ढवळत होती. बुवांनी डोळे मिटले होते. रटरट पातळ होत गेली, तिच्यात मधूनच एक कोरडा तडतडाट उठला.

"पाणी आटलं," ते म्हणाले. "आता लोणी."

तिने वाकून पाहिलं. कढई खरंच कोरडी झाली होती. "बघितलं नाहीत, तरी?"

बुवा स्वतःच चकित झाले होते. हा आवाज ते आयुष्यभर ऐकत आले होते, पण नाक पुढे असल्यामुळे कानाला कधी विचारलंच नव्हतं. पुढचा अर्धा तास ते ऐकत राहिले. भात जड बोलू लागला की "पाणी घाल" म्हणत, हलका बोलू लागला की "थांब". वासाचं काम तिच्याकडे होतं. लसणाचा वास उतरला का, लोणी करपत नाही ना, हे ती न विचारता सांगत होती, आणि ते मान हलवत होते.

मुलगा बाहेरून आला तेव्हा ताटं मांडलेली होती. जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बुवा त्याच्या हाताकडे बघत होते.

"खरं सांग," ते म्हणाले.

"तांदूळ किंचित कच्चा आहे," मुलगा म्हणाला. "बाकी चांगलं झालंय."

तांदूळ कच्चा आहे, हे ऐकून बुवांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

"ते रेग्युलेटर," मुलगा घुटमळत म्हणाला, "उद्यापासून राहू दे का लावलेलं? तुम्ही सावध असालच."

"नको." बुवांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "मी एकटा असताना काढूनच ठेव. मला भरवसा नाही माझा. हिला मुलाला घेऊन या घरात राहायचंय."

 सुनेने त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

सोमवारी दोघं कामावर गेल्यावर बुवा स्वयंपाकघरात गेले. उरलेली अळंबी फडक्याने पुसली, सारख्या जाडीचे काप केले, कांदा बारीक चिरून वाटीत घेतला, तांदूळ मोजला. सगळ्यावर झाकणं घातली. मग स्टूल ओढून ओट्यापाशी बसले. सून पाच वाजता यायची होती.