गंगूआयेच्या कंदिलाची फट

आधीच सांगून टाकतो, भूत, देवचार, चकवा यांतलं काहीएक मी मानत नाही. जन्मभर शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. माझ्या वाट्याला जी काही अघटितं आली, ती बहुतेक माझ्याच गाढवपणाची पिल्लं. हेही त्यातलंच… फक्त याचं शेपूट माझ्या गाढवपणात मावत नाही.

साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या मुखावरच्या गावात मी नवाकोरा मास्तर होतो आणि मला कंदिलांचं वेड लागलं होतं. लोकांचे जुने, गंजके, चौकोनी काचांचे कंदील आणायचे, घासायचे आणि काचांना सावंतवाडीच्या बाजारातला गुलाबाच्या फुलांचा पातळ कागद खळीने चिकटवायचा. आत वात पेटली की भिंतीभर गुलाब! बायका कौतुक करायच्या आणि मी फुगायचो — पार टम्म.

मुखाच्या टेकाडावर गंगूआयेची खोप होती. मासेमारीची होडी हाकणाऱ्या विठू तांडेलाची ही म्हातारी आई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या दारातल्या खांबाला समुद्राकडे तोंड करून एक कंदील टांगलेला असे. इतका कळकट कंदील मी पाहिला नव्हता. चारी काचांवर काळा जाड कागद! एके दुपारी ती आत झोपलेली बघून मी तो उचलला. चोरी नव्हे हो, भेट द्यायची होती.

काळा कागद खरवडताना एका काचेवर त्याला बोटभर उभी फट दिसली. म्हटलं, फाटलाय. गेला तोही. दिवेलागणीच्या आत गुलाबी कंदील खांबावर हजर!

गंगूआये काड्यापेटी घेऊन बाहेर आली. चारी काचा तिने बोटांनी चाचपल्या.

“कोण रे?”

“मी मास्तर. तुझो कंदील नवो करून आणलंय गो आये.”

तिने एक काच पुन्हा चाचपली. “फट जागेर आसा मां रे, झिला?”

आता, फट काढून टाकल्याचं मला पक्कं ठाऊक होतं. पण म्हातारीला कोण समजावत बसणार? म्हटलं, “सगळां जागच्या जागेर आसा. तू पेटय.”

तिने पेटवला.

टेकाड उतरताना तरवाला दाजी, खाडीपलीकडे माणसं नेणारा नावाडी, भेटला. त्याने वर पाहिलं आणि तोंडातली विडी खाली पडली.

“मास्तरांनु, ह्यां काय केलास? काळो कागद खंय?”

“काढलंय. घाण होतो.”

“घाण? अरे, मुखाक दोनय बाजूक होडी फोडणारी खडपां आसत! त्या फटीतलो उजेड दिसलो म्हणजे होडी वाटेर. दिसाक नाय तर वळवूक व्हयी. आता उजेड सगळीकडसून दिसतलो! विठू भायर आसा… पाच जणां आसत होडयेत!”

मी वर धावलो. एक चप्पल वाटेतच राहिली. पोचलो तेव्हा संधिप्रकाशात शीड मुखाशी आलं होतं. कंदील विझवला तर त्यांना काहीच दिसणार नाही. राहू दिला तर सगळीकडून दिसणार. मग मी काय केलं? काही नाही. कंदिलाकडे हात करून खांबासारखा उभा राहिलो. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाब पडले होते.

होडी सरळ आत आली. सुतासारखी.

थोड्या वेळाने विठू ओलाचिंब वर आला. “आये, आज फट काय झळझळीत दिसता होती गो! पांढरी फेक. आजूबाजूक उजेडाचो थेंब नाय.”

मग त्याची नजर कंदिलावर गेली. मागचे चौघेही पुढे सरकले. विठूने चारी काचा फिरून पाहिल्या. फट कुठेच नव्हती.

“पयल्यापासून गुलाबीच होतो रे,” मागून आलेला दाजी धापा टाकत म्हणाला. “माझ्या डोळ्यांनी बघलंय.”

विठूने देवळाच्या दिशेने हात जोडले. मला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. उलट वाटेवर सापडलेली माझी चप्पल त्यानेच आणून दिली.

सकाळी काळा कागद आणि खळ घेऊन गेलो. फट नेमकी कुठे होती, मला आठवेना. गंगूआयेने अचूक जागी बोट ठेवलं.

“आये,” मी विचारलं, “काल तुझ्या हाताक कळाक नाय?”

“कळला मां. फट नाय होती.”

“मगे पेटयलंस कित्याक?”

“तू आसा म्हणालंस,” ती म्हणाली. “माका वाटला, माझीच बोटां मेली. मास्तर खोटां कित्याक बोलतलो?”

त्या पाच जणांना काय दिसलं, ते आज इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मीच फळ्यावर लिहीत आलो, पण त्या संध्याकाळचं गणित कधी जमलं नाही.

कागद चिकटवून झाला. गंगूआयेने पुन्हा विचारलं, “आता आसा मां रे, झिला?”

‘आसा’ म्हणायला माझं तोंड उघडेना. मी तिचं बोट धरलं आणि फटीवर ठेवलं.