सुनंदाचा उजवा हात

हाताचं ऑपरेशन केलं म्हणून सुनंदा गेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी आज हे वाचावं.

वाचून झाल्यावर मला फोन करायची गरज नाही.

सुनंदा माझी सून. आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी चौथीत शाळा सोडली. फोनशी बोललं की अक्षरं उमटतात, तसं लिहितेय. चुका काढायच्या असतील त्यांनी काढाव्यात, पुण्यात कामं कुठे आहेत दुसरी.

विश्रांतवाडीत आमच्या घरी ती ब्लाउज शिवायची.

उजव्या बाजूला छातीचा कॅन्सर झाला. काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या. सगळं पार पडलं, आणि मग हात सुजायला लागला. गाठी गेल्यामुळे हातातल्या पाण्याला वर जायला वाट उरली नव्हती म्हणे.

ब्लाउज शिवणारी बाई, पण घरात नवऱ्याचा शर्ट घालून बसायची. दुसऱ्या कशाची बाहीच त्या हातावर चढत नव्हती.

कात्री धरली तर बोटं वळायची नाहीत. गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली.

रोज सकाळी मी तिच्या हाताला पट्ट्या बांधायचे, बोटांपासून वरपर्यंत. रोज भांडण. मी फार घट्ट बांधते म्हणायची. मी म्हणायचे, मग नवऱ्याकडून बांधून घे, तो मार्केट यार्डात टेम्पोवर पोती बांधतो, तुला पण बांधेल.

हसायची. मग हात पुढे करायची.

पुढे डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. हातात केसासारख्या नळ्या असतात, त्या दुर्बिणीतून बघून बारीक शिरांना जोडायच्या, म्हणजे साठलेलं पाणी रक्तात निघून जातं. हात अगदी पहिल्यासारखा होईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

नातेवाईक सगळे नको म्हणाले. कॅन्सरच्या माणसाला परत चाकू लागला की रोग चवताळतो, ही आमच्यातली ठाम समजूत. शिवाय जीव वाचलाय, आता हाताचे कसले लाड.

सुनंदा एवढंच म्हणाली, "एक दिवस हा हात आपल्या खांद्याला लावून हिंडा, मग सांगा."

माझा मुलगा महेश मग म्हणाला, "करू."

केलं. हात हळूहळू उतरला. पूर्ण नाही, पण उतरला. हाताला घट्ट मोजा घालावा लागायचाच, तरी मशीन परत सुरू झालं. भाचीच्या लग्नात पदर न पांघरता, दोन्ही बाह्या दाखवत फिरली. मला म्हणाली, बघा, तुमची सून भाव खातेय.

मग पाठ दुखायला लागली. कॅन्सर हाडात गेला होता. लिव्हरमध्ये पण.

दहाव्याला घाटावर आमच्याच एका बाईने महेशला ऐकू जाईल असं म्हटलं, हाताला चाकू लावायला नको होता.

तेव्हापासून महेश नीट जेवत नाही. मला विचारतो, "आई, मी हो म्हणायला नको होतं का?"

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलं, हाताच्या ऑपरेशनचा याच्याशी काही संबंध नाही, रोग परत यायचा तो आला. महेशला सांगितलं. मान हलवली. पटलं नाही.

आईचं ऐकत नाही. पण टेम्पोत बसून दिवसभर फोन वाचतो. म्हणून इथे लिहितेय.

महेश, शेवटच्या आठवड्यातली एक गोष्ट. तू माल उतरवायला गेला होतास, मी दवाखान्यात तिच्या उशाशी होते.

एकदम म्हणाली, "आई, तुमची बाही उसवलीय. सुई द्या."

सुई तिथल्या आयामावशींकडून मागून आणली. अंगावरचं कापड शिवू नये, असं मी म्हटलं. म्हणाली, "मग काढून बसा वॉर्डात."

आणि पडल्या पडल्या शिवली. उजव्या हाताने. बारीक टाके, एकसारखे. चेहरा दुखण्याने पिवळा पडला होता, पण टाका एकही चुकला नाही. दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "यांना सांगा, हात शेवटपर्यंत हलका आहे."

सांगितलं.

तू हो म्हणालास, म्हणून तो हात तिचा तिला परत मिळाला. मरताना तरी तिला ओझं वाहावं लागलं नाही. चाकू लागला आणि बाई गेली, हे परत कुणी तुझ्यापुढे बोललं, तर माझ्याकडे पाठव.

आज लवकर घरी ये. ताट वाढून ठेवते. पूर्ण जेवायचं.

सुनंदा, निघ आता निवांत. इकडचं मी बघते.
सासूचा नमस्कार घे.