शाडूतला अनंत

गणपतीचे डोळे आखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जोहे गावात कुणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. कारखान्याची शेड वाढवायची ठरली, तेव्हा मागच्या दारचं अनंताचं झुडूप आड आलं. ते आईनं लावलेलं. आई गेल्यावर रोह्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, धोंडुबाईनं, एकच मागणं केलं होतं, "नाथा, आईच्या अनंताची फांदी मला लावून दे."

मी दहा फांद्या छाटल्या आणि कुंड्यांत शाडू भरला. ज्या मातीतून एवढे देव उभे राहतात, तिच्यात काडी उभी राहणार नाही? पाण्याचं बोट फिरवून वरचा थर असा गुळगुळीत केला, की नुसता रंग द्यायचा बाकी.

"अवो, ती मूर्तीची माती. तिच्यात मुळाला वारा कुठला मिळायचा?" बायको, पुतळी, म्हणाली.

"आता तू मला माती शिकव!"

पंधरा दिवस पानं हिरवीगार. तेवढ्यावर भुलून मी झुडूप मुळासकट उपटलं. पुढच्या आठवड्यात कुंड्यांतली पानं गळाली. कुंडी फोडून बघितली, तर काड्या बुडाशी काळ्या पडलेल्या. इथं तरी शहाणपणा थांबवायचा! पण मी पेणच्या नर्सरीतून अनंताचं पिशवीतलं रोप घेतलं आणि गाडीनं रोहा गाठलं.

"आईचं हाय, बाय," म्हणालो. बहिणीनं पिशवी जरा वेळ न्याहाळली, मग कपाळाला लावली. मला तिच्याकडे बघवेना. चहासुद्धा न घेता मी निघालो.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. "फूल आलं रे नाथा."

"वास तोच ना?"

"वास हाय. पण आईचं फूल साधं होतं, हे गुलाबासारखं भरगच्च हाय." मग हळूच म्हणाली, "मला तर पहिल्याच दिवशी कळलं. पिशवीत तांबडी माती होती. आपल्या जोह्यात तांबडी माती कुठली?"

जन्मभर माती मळून ही अक्कल! "शाडूत सगळ्या काड्या मेल्या, बाय. झाडसुद्धा मीच उपटलं," मी एका दमात सांगून टाकलं.

"मग तवाच सांगायचं नाय? दोघं मिळून रडलो असतो."

आता रडू या का, असं विचारणार होतो. पण तिनं आधीच सुरुवात केली होती.